गाठ शाबूत, होडी पसार

गाठमास्तरांना हलणारी वस्तू बघवत नसे. पडदा वाऱ्याने हलला की ते उठणार, त्याला खिळ्याशी जखडणार आणि मगच चहाला तोंड लावणार. यात त्यांचा दोष नव्हता म्हणा. सगळा जन्म ट्रकवरचा माल बांधण्यात गेला की माणसाचं असंच व्हायचं. पोती असोत, कपाटं असोत, काचेची तावदानं असोत, मास्तरांनी एकदा दोरी आवळली की माल आणि ट्रक यांचं लग्नच लागलं म्हणून समजा. मुक्कामाला पोचेपर्यंत काडीमोड नाही. गाठमास्तर हे नाव त्यांना ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावरच्या ड्रायव्हरांनी दिलं होतं. ते असं चिकटलं की कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर मास्तर मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून.

“हललं की गेलं,” हा त्यांचा मंत्र. मुलगा हे ऐकतच लहानाचा मोठा झाला.

अड्ड्यावरून निवृत्त झाले, बायको गेली, आणि मास्तर मुलाकडे राहायला आले. खाडीकाठच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मुलगा बेकरीत भट्टीवर. पहाटे जायचा, उन्हं वर आली की पिठाने माखून चहाला घरी यायचा आणि पुन्हा भट्टी गाठायचा. सून नर्स, घरोघरी जाऊन रोग्यांच्या जखमा धुवायची, पट्ट्या बांधायची. दोघंही गुणाची होती, मास्तरांना काही कमी पडू देत नव्हती. पण दिवसभर करायचं काय? बांधायला माल नाही, आवळायला ताडपत्री नाही. मग त्यांनी घरच बांधायला घेतलं. गॅसचं सिलिंडर भिंतीला बांधलं, बादली नळाला बांधली, स्टूल टेबलाला बांधलं. एका सकाळी सुनेने स्टूल ओढलं, तर टेबल, टेबलावरचा चहा आणि नवऱ्याचा चष्मा अशी सगळी वरात मागोमाग निघाली. सून हसली म्हणून निभावलं. मास्तर मात्र मनातून ओशाळले. ट्रक गच्च भरल्यावर कोणीतरी वर टाकलेला एक जादा नग, तसे आपण या घरात आहोत, असं त्यांना फार वाटायचं.

सुनेचे निम्मे रोगी खाडीपलीकडे राहायचे. पलीकडे म्हणजे समोरच, पण बस पुलावरून हा मोठा वळसा घेऊन जायची. ती पोचेपर्यंत एखाद्या आजोबांनी कंटाळून आपली पट्टी आपणच सोडून टाकलेली असायची. म्हणून तिने एक जुनी छोटी होडी घेतली. दोन वल्ही, पुढच्या टोकाला एक लोखंडी कडी, आणि रंग असा की मूळचा कोणता हे कोणी पैजेवरही सांगू नये. पण होडी आली आणि पोरीची कळाच बदलली. धक्क्याच्या पायऱ्या उतरताना ती गुणगुणायला लागली. “पाण्यावर असते तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नाही, बाबा,” ती एकदा म्हणाली. “तेवढाच वेळ माझा.”

मुलाला मात्र पाण्याची धास्ती. त्याने कसाबसा होकार दिला, तोही अट घालून. एकदा जरी काही विपरीत घडलं तर होडी विकायची, त्यावर चर्चा नाही. सूनही पडली शब्दाची पक्की. “कबूल,” म्हणाली.

आता होडी म्हटली की दोरी आली. आणि दोरी म्हटली की या घरात विचारायचं कोणाला? सांगायला हवं का? पण सुनेने विचारलं धक्क्याजवळच्या दोरवालीला! तिच्याकडून पांढरी, मऊ, महागाची नायलॉनची दोरी आणली आणि होडी धक्क्याच्या खांबाला बांधली. तीही कशी, तर लांबलचक सैल सोडून. दोरीचा झोळ पाण्यात लोंबतोय, होडी इकडे डुलतेय, तिकडे डुलतेय. खिडकीतून हे बघताना मास्तरांचा जीव नुसता खालीवर होत होता.

घरात त्या पांढऱ्या दोरीचा तुकडा उरला होता. मास्तरांनी तो खिडकीच्या गजाला बांधला आणि अंगाचा भार टाकून ओढला. दोरी ताणली गेली. पुन्हा ओढली, पुन्हा ताणली, आणि सोडल्यावर गुमान होती तेवढी झाली. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. ट्रकवर असली दोरी वापरली तर पहिल्याच गतिरोधकाला अर्धा माल रस्त्यावर! “पोरीला चक्क टोपी घातली त्या बाईने,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि चपला घालून तडक नाक्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये गेले. येताना हातात पिवळ्या प्लॅस्टिकच्या दोरीचं वेटोळं. ही त्यांची जन्माची सोबतीण. कपडे वाळत घाला, गाठोडं बांधा, ताडपत्री आवळा, म्हणाल ते काम. स्वस्त, हलकी, आणि कितीही ओढा, लांबेल तर शपथ.

संध्याकाळी सून पलीकडून परतली तेव्हा खाडी काठोकाठ भरली होती. मास्तर धक्क्यावर हजर.

“सर बाजूला, पोरी. आज मी दाखवतो.”

त्यांनी पांढरी दोरी सोडून बाजूला ठेवली. पिवळी कडीत ओवली, आणि ट्रकवरचा तो खास फास टाकला, ओढला की दुपटीने आवळणारा. मग एक पाय खांबाला लावून, दात-ओठ खाऊन अशी ओढली की होडी खांबाला चिकटली. मधून कागद सरकेना. मास्तर मागे सरून बघायला लागले. होडी हलत नव्हती. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या हाताला काम झाल्यासारखं वाटत होतं.

सून काहीतरी बोलायला गेली, मग त्यांच्या तोंडाकडे बघून थांबली. “छान झालं, बाबा,” एवढंच म्हणाली. मास्तरांना वाटलं, बघा, जाणकाराचं काम बघितलं की अशी बोलती बंद होते.

त्या रात्री त्यांना लहान मुलासारखी झोप लागली.

सकाळी मास्तर आणि सून धक्क्यावर उतरले. खाडी कालच्यासारखीच भरलेली, आणि होडी नाही.

“चोर!” मास्तर ओरडले. “अगं, चोर आले होते!”

सुनेने नुसतं खांबाकडे बोट केलं. खांबाला पिवळी दोरी लोंबत होती. दोरीच्या टोकाला मास्तरांची गाठ होती, गाठीत होडीची लोखंडी कडी होती, आणि कडीला खिळ्यांसकट उपटून आलेला तळहाताएवढा लाकडाचा तुकडा होता. गाठ शाबूत, दोरी शाबूत, होडी पसार.

मास्तर मटकन पायरीवर बसले. ओहोटी काय त्यांना माहीत नव्हती? रोज खिडकीत बसून पाणी जाताना आणि येताना बघतच होते की. पण बघणं वेगळं आणि ध्यानात घेणं वेगळं. ट्रक काही उभ्या जागी पुरुषभर खाली जात नाही! रात्री पाणी उतरलं, होडीला मात्र उतरता येईना. नाकाला दोरी लावून टांगल्यासारखी ती लोंबकळली, आणि सगळा भार त्या एका कडीवर. दोरी तसूभर ताणली नाही, गाठ तसूभर सरकली नाही. मग हार मानायची ती बिचाऱ्या लाकडाने मानली.

तेवढ्यात मुलगा बेकरीतून परतला. धक्क्यावर बायको उभी, बाप पायरीवर बसलेला, खांबाला नुसतीच दोरी. त्याला काय ते कळलं आणि तो बायकोवर भडकला.

“बांधता येत नव्हती तर घेतलीस कशाला? तू आत असतीस म्हणजे?”

सून खाली मान घालून उभी राहिली. सासऱ्याचं नाव तिने तोंडातून काढलं नाही. मास्तर पायरीवरून उठले. बोलावं तर जन्मभर कमावलेलं होतं नव्हतं ते नाव जाणार, गप्प बसावं तर पोरीच्या माथी आळ. आयुष्यभर दुसऱ्याचा माल जपून पोचवला, आणि आज आपला ठपका दुसऱ्याच्या ट्रकवर चढवायचा?

“तिने नाही बांधली,” ते म्हणाले. “मी बांधली.”

मुलगा बघतच राहिला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला, आणि मागे राहिलं ते रागापेक्षा वाईट होतं. “तुम्ही?” तो हळूच म्हणाला. “मग तर विषयच संपला, बाबा. तुमच्या हातून सुटली ती कोणाच्या हातून राहणार? सापडली तर विकून टाकू. नाही सापडली तर उत्तमच.”

“मी शब्द दिला होता,” सून म्हणाली. पिशवी खांद्याला लावून ती बस पकडायला निघाली. जाताना तिने पदराने नाही, रोग्यांसाठीच्या कापसाने डोळे टिपले, ते मास्तरांनी पाहिलं. त्यांना स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. मास्तर पिवळ्या दोरीचं वेटोळं घेऊन तडक दोरवालीच्या दुकानात गेले. दोरवाली म्हणजे भरल्या अंगाची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चहूबाजूंनी दोऱ्यांची भेंडोळी.

“या काका,” ती म्हणाली. “गाठ झकास होती हं! सकाळीच बघून आले.”

“दोरी तुटली नाही, एवढं तरी कबूल कराल?” मास्तर गुरगुरले.

“मी कुठे म्हणते तुटली? तुटली असती तर निदान कडी वाचली असती!”

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आज उलट बोलायला तोंड कुठे होतं? ते स्टुलावर बसले. दोरवालीलाही मग कीव आली असावी.

“काका, ट्रकवरचा माल हलू नये म्हणून आपण बांधतो. होडीने हलायचंच असतं. तिने हलावं, पण पळू नये, एवढ्यापुरतीच दोरी. पाणी उतरलं की उतरायला, चढलं की चढायला ढील हवी. वर लाटांचे हिसके. ही पांढरी ताणली जाते ना, ती हिसका स्वतः सोसते. तुमची पिवळी जसाच्या तसा कडीला देते.”

“म्हणजे अगदीच टाकाऊ?” मास्तरांनी वेटोळं पोटाशी धरलं.

“असं मी म्हटलं का? होडीतलं पाणी उपसायच्या डब्याला बांधा. वरच्या ताडपत्रीला बांधा. पाण्यावर तरंगते, तर पडलेल्या माणसाकडे फेकायलाही चांगली. पण होडी तिच्या भरवशावर टाकून झोपू नका. उन्हात राहिली की तिचा भुगा होतो. आणि अंगाने गुळगुळीत, गाठ सरकते. तुमची सरकली नाही ते तुमच्या हाताचं कसब. दुर्दैवाने!”

मास्तरांना हसू आलं. सकाळपासूनचं पहिलंच.

“तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात, ते बरोबर आहे,” दोरवाली म्हणाली. “आणि इथे काय बसलात? ओहोटीने नेलेली होडी पुष्कळदा भरतीबरोबर परत फिरते. वळणावरच्या गवतात बघितलंत का?”

मास्तरांनी कुठेच बघितलं नव्हतं. ते धावत सुटले म्हणायला हरकत नाही. त्या वयात जितकं धावता येतं तितकं. आणि खाडीच्या वळणावर, उंच गवतात, एका कुशीवर कलंडून होडी खरंच पडली होती. नाकाचा टवका उडालेला, पोटात चिखल, पण सगळी. मास्तर तसेच पाण्यात शिरले. एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली. त्यांनी होडी सरळ केली, मोकळ्या पाण्यात ओढली, आणि मग मोठा पेच पडला. दोरी हातात होती, पण बांधायचा धीर होईना. शेवटी गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी होडीचा काठ नुसता हाताने धरला. पाणी यायचं, होडी वर उचलली जायची. पाणी जायचं, होडी खाली यायची. आणि तिच्याबरोबर त्यांचा हातही वरखाली व्हायचा.

दुपारी सून दोरवालीकडून कळल्यावर शोधत आली, तेव्हा मास्तर तसेच उभे होते, ओठ निळे पडलेले.

“अहो बाबा, बांधायची की कशाला तरी!”

“नको. मी नाही बांधणार.”

ती पाण्यात उतरली, हसत होती की रडत होती कोण जाणे. “चूक माझीही आहे,” ती म्हणाली. “ढील ठेवायची हे मला ठाऊक होतं. पट्टी फार आवळली की बोटं काळी पडतात, हे रोज रोग्यांना सांगते मी. पण काल तुमचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.”

“पुढच्या वेळी चेहरा बघू नकोस,” मास्तर म्हणाले. “दोरी बघ.”

आता पुढची वेळ येणार होती का, हाच प्रश्न होता. दोघांनी मिळून होडी दुरुस्त केली. उडालेल्या जागी नवं लाकूड बसवलं, आणि ट्रकच्या फळीला हूक बसवतात तशी आतून जाड पट्टी देऊन कडी बोल्टाने आवळली. इथे मात्र आवळणंच योग्य होतं आणि त्यात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सुनेने पांढरी दोरी बांधली, ढील सोडून. पण मुलाने घेणारा माणूस ठरवला होता, आणि तो सकाळी होडी बघायला येणार होता.

त्या सकाळी मुलगा बेकरीतून परस्पर धक्क्यावर आला. मास्तर वाटच बघत होते. सून वल्ही पुसत होती, द्यायची तर स्वच्छ द्यावी म्हणून.

“विकू नकोस,” मास्तर म्हणाले.

“बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, हललं की गेलं?”

“ट्रकवर! अरे, ट्रकवर म्हणायचो मी!” मास्तर असे कडाडले की खांबावरचा बगळा उडाला. “सगळ्या जगाला कुठे लावायला सांगितलं होतं? मी लावलं, आणि काय झालं ते बघितलंस ना?”

मुलाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “मला भीती वाटते हो, बाबा,” तो म्हणाला. “ही पाण्यात असते आणि मी भट्टीपाशी उभा राहून हिचाच विचार करतो. पाव करपतात माझे.”

सुनेचे हात थांबले. हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

“वाटू दे की,” मास्तर म्हणाले. “मलाही वाटते. पण भीती आपल्याला आणि बांधून ठेवायचं हिला, हा कुठला न्याय?”

मुलाने होडीकडे बघितलं. ती आपली दोरीच्या टोकाशी निवांत डुलत होती, पुढे जात होती, मागे येत होती.

“मी शब्द दिलाय,” सून म्हणाली. “मोडायचा नाही मला.”

“तुझा शब्द तुला परत,” तो म्हणाला. “घेणाऱ्याला सांगतो मी काहीतरी. फक्त पलीकडे पोचलीस की एक फोन करत जा. पावांसाठी!”

ती हसली, आणि मग तिला हसू आवरेचना. मास्तरांनी दोघांकडे पाठ केली आणि खांब तपासायला लागले. खांबाला काही झालं नव्हतं.

“बाबा, चला,” सुनेने हाक मारली. “तुम्हीही बसा. ते पिवळं वेटोळं घ्या बरोबर.”

“मी? मी कशाला?”

“तिकडे एक आजी आहेत. त्यांची खिडकी वाऱ्याने सारखी आपटते, झोप लागत नाही त्यांना. शेजारच्या आजोबांच्या जिन्याचा कठडा डुगडुगतो, धरायची भीती वाटते. चला लवकर.”

मास्तर चढले. चढले म्हणजे काय, मुलाने एका हाताला धरलं, सुनेने दुसऱ्या, आणि होडीने आपल्या परीने हुलकावणी दिली. वेटोळं मांडीवर घेऊन त्यांनी दोन्ही काठ घट्ट पकडले. मुलाने दोरी सोडली. धक्का मागे जायला लागला.

“हलते गं फार!”

“हलू द्या, बाबा.”

खाडीच्या मध्यावर आल्यावर मास्तरांना राहवेना. “पण त्या आजींना चालेल का? ओळख ना पाळख. माझ्याबद्दल काय सांगितलंस तू त्यांना?”

सून वल्हं मारत होती. तिने सहज सांगितलं, दम खात. “त्या म्हणाल्या, मला कोण बांधून देणार? मी म्हटलं, काळजी करू नका. आमच्या घरी एक माणूस आहे.”

मास्तरांनी तोंड पाण्याकडे वळवलं, आणि एक हात काठावरून सोडवून डोळे पुसले. दुसरा हात मात्र त्यांनी सोडला नाही. एका दिवसात सगळंच कसं जमेल?